गावाबाहेरचं घर पाहताना

मैत्रिणींनो, साधा माठ घ्यायचा तरी आपण टिचकी मारून आवाज ऐकतो. बांगड्यांसाठी चार दुकानं हिंडतो. पण जन्माची पुंजी घालून गावाबाहेर घर घ्यायची वेळ आली की मात्र गाडीच्या मागच्या सीटवर बसतो, दलाल दाखवील ते पाहतो आणि ‘छान आहे हो’ म्हणून परत येतो. माझंही तसंच झालं असतं. झालं नाही, म्हणून हा लेख.

आमचे हे दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. फंडाचे पैसे हातात आले आणि मनात दडलेली हौस वर आली. अमरावतीच्या आसपास चार-पाच एकर जमीन असावी, त्यात ऐसपैस बंगला असावा, आंब्याची झाडं, ओसरीवर झोपाळा, सुटीत नातवंडं. तुमच्याही घरी असं कुणी बोलत असेल. हल्ली फार्महाऊस हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी असतो. मोठा रस्ता झाला की दोन्ही बाजूंना त्याच्या पाट्या लागतात. आमचा अमरावती-अकोला रस्ता तर गाजलेला. २०२२ सालच्या जूनमध्ये लोणी ते माना हे ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नाव लागलं. रस्ता गुळगुळीत झाला आणि आमच्यासारख्यांची स्वप्नंही त्यावरून धावू लागली.

मी म्हटलं, ‘पाहायला मी येणार, पण प्रश्नही मी विचारणार.’ हे हसले. मग दर रविवारी डबा बांधून आम्ही निघू लागलो.

पहिला बंगला : हिरवळ आणि टँकर

पहिली जागा अमरावतीला अगदी लागून. वडाळीच्या पुढे चांदूर रेल्वेच्या रस्त्यानं पोहऱ्याचं जंगल सुरू होतं, त्याच्या कडेला. सप्टेंबर महिना, सगळीकडे हिरवंगार. फाटकातून आत गेलो तर पोहण्याचा तलाव, कारंजं, पायाखाली गालिच्यासारखी हिरवळ, भिंतभर काचा. ह्यांचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं आता इथेच बयाणा देऊन मोकळे होतात.

दलाल ह्यांना घेऊन गच्चीवर गेला. मी स्वयंपाकघरात शिरले. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, कपाटं चकचकीत, पण धूर जायला खिडकी नाही. घर बांधणाऱ्यानं तिथे कधी फोडणी होईल असा विचारच केला नव्हता. मागच्या दारानं बाहेर आले तर रखवालदाराची बायको भांडी घासत होती. तिचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली, संडास नाही. एवढ्या मोठ्या बंगल्यात चार न्हाणीघरं, आणि वर्षाचे बारा महिने तिथे राहणाऱ्या बाईला एक आडोसा नाही.

मी तिला विचारलं, ‘पाणी पुरतं का गं?’

ती म्हणाली, ‘पानी हाये ना बाई पावसाळ्यात. होळी झाली का टँकर येते. तो झाडाले अन् त्या डबक्याले जाते. आमाले दोन गुंड भेटतेत.’ डबकं म्हणजे पोहण्याचा तलाव, हे मला जरा उशिरा कळलं. निघताना तिनं आणखी एक सांगितलं, ‘राती बिबट येते. दोन कुत्रे नेले.’

जंगलाच्या कडेला राहायचं तर हे आलंच. बिबट्याचा त्यात दोष नाही, त्याच्या दारात आपण गेलो. पण रात्री नातवंडं अंगणात खेळतील ही कल्पना सोडावी लागते, गुरं-कुत्री बंदिस्त गोठ्यात ठेवावी लागतात. जंगलाला लागून बांधकामावर निर्बंधही असू शकतात, ते वन खात्यात जाऊन आधीच विचारावं.

त्या दिवशी मी वहीत तीन ओळी लिहिल्या. जागा पावसाळ्यात पाहू नये, पाहिली तर मे महिन्यात दुपारी तीन वाजता पुन्हा पाहावी. दलालाला विचारायचं ते रखवालदाराच्या बायकोला विचारावं. आणि तिचं घर कसं आहे ते पाहावं, कारण तिचं घर नीट नसेल तर ती टिकणार नाही, आणि ती टिकली नाही तर आपलं घरही टिकणार नाही.

दुसरा बंगला : संगमरवर आणि खारं पाणी

दुसरा बंगला मूर्तिजापूरच्या पुढे, हमरस्ता सोडून उत्तरेला. राजवाड्यासारखे खांब, खाली संगमरवर, वर झुंबर. किंमत मात्र पहिल्यापेक्षा बरीच कमी. ह्यांना वाटलं, शहरापासून दूर म्हणून स्वस्त. मला मात्र नळाच्या तोंडाशी जमलेला पांढरा थर दिसला. तो थर माझ्या ओळखीचा. मी लग्न होऊन दर्यापूरकडच्या खेड्यात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘सूनबाई, प्यायचं पाणी वेगळं आणि वापरायचं वेगळं, हंडे चुकवू नको.’

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून जो पट्टा जातो त्याला खारपाणपट्टा म्हणतात. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांचे भाग त्यात येतात. सुमारे नऊशे गावं. जमीन वरून पाहाल तर काळीभोर, लोण्यासारखी. पण खालचं पाणी खारट. बोअर कितीही खोल न्या, पाणी लागतं आणि ते उपयोगाचं नसतं. ते पिकाला दिलं तर माती चिकट होते, पाणी मुरत नाही, हळूहळू जमीन बिघडते. म्हणून इथला शेतकरी पावसाच्या भरवशावर कापूस, तूर, मूग, हरभरा घेतो, आणि जमलं तर शेततळं खोदून पावसाचं गोडं पाणी साठवतो. तिथे संत्र्याची बाग आणि गुलाबाचे ताटवे दाखवणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे असं खुशाल समजा.

शेजारच्या वावरात एक म्हातारे बाबा निंदण पाहत उभे होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, ‘बोअर तं लय खोल हाये ताई, पन पानी तोंडात धरवत नाई. झाडं पाहा ना तुमीच. लिंबाबिगर काई जगलं काय?’ खरंच, सगळ्या आवारात कडुनिंब तेवढे टवटवीत होते.

मी तिथल्या पाण्याची बाटली भरून घरी आणली आणि आपली घरगुती परीक्षा केली. निम्मी डाळ आपल्या नळाच्या पाण्यात शिजत घातली, निम्मी त्या पाण्यात. एक गळून गेली, दुसरी बोटाखाली टचटचत राहिली. साबणालाही फेस येईना. अर्थात घरची परीक्षा ही नुसती सूचना. खरी तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत करून घ्यावी. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत असं आपलं पिण्याच्या पाण्याचं मानक सांगतं, आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. विक्रेता ‘आरओ बसवू की’ म्हणेल. पिण्यापुरतं ते खरं. पण आंघोळ, धुणी आणि आंब्याची शंभर झाडं काही आरओवर जगत नाहीत.

त्या बंगल्यात आणखी एक गोष्ट दिसली. दिवाणखान्याच्या भिंतीला कोपऱ्यातून तिरपी चीर गेली होती, वरून ताजा रंग दिला होता. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण पाहिल्याच आहेत. मग वरचं घर कसं स्वस्थ बसेल? पाया मुरुमापर्यंत खाली न्यावा लागतो, आणि मुरूम फार खोल असेल तर खाली फुगीर बुंध्याचे काँक्रीटचे खांब उतरवून त्यावर घर उभं करावं लागतं. पाया कसा घातला हे लेखी मागा.

आपले जुने लोक याबाबतीत शहाणे होते. वऱ्हाडात पांढरी आणि काळी हे दोन शब्द उगाच नाहीत. पांढरीवर गाव वसवायचं, काळीत पीक घ्यायचं. देशमुखांच्या गढ्या पाहा, उंचवट्यावर, जाड मातीच्या भिंतींच्या, लहान खिडक्यांच्या, वर माळवद. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा अशा घरात दुपारी डोळा लागतो. आपण मात्र काळीत घर बांधतो, पश्चिमेला काचेची भिंत लावतो आणि मग चार-चार एसी बसवतो. गावाबाहेर शेतीपंपाच्या वाहिनीवर वीज पाळीनं येते, हे विसरतो. घराला गावठाणाची वाहिनी आहे की शेतीची, हे बिलावर पाहून घ्यावं. पश्चिमेला काच नको, झाडं हवीत. ओसरी खोल हवी, छताला उंची हवी.

आमची मुलगी हे ऐकून म्हणाली, ‘आई, हे काही नवं नाही.’ तिनं सांगितलं, रोममध्ये केटो नावाचा माणूस होऊन गेला, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात. शेतीवर त्याचं पुस्तक आहे. जमीन घ्यायची तर घाई करू नका, एकदा पाहून भागत नाही, पुन्हा पुन्हा जा, शेजाऱ्यांची स्थिती कशी आहे ते पाहा, पाणी, रस्ता आणि जवळ चांगलं गाव आहे का ते पाहा, असं त्यात सांगितलं आहे. मला मोठी गंमत वाटली. दोन हजार वर्षांपूर्वीचा परका माणूस, आणि बोलतो माझ्या सासऱ्यांसारखा!

तिसरं घर : आंब्याची बाग आणि एक सही

तिसरी जागा अकोल्याहून पातूरच्या वाटेवर. त्या बाजूला डोंगराचा पायथा लागतो, जमीन मुरमाड होते. घर जुनं, चार खोल्यांचं, धाब्याचं. चैनीचं म्हणावं असं काहीच नाही. पण दगडी बांधाची विहीर, तिचं पाणी गोड, आणि बांधावर चाळीस-पन्नास वर्षांचे आंबे. एप्रिलमध्ये गेलो होतो तरी विहिरीत पाणी होतं. आंब्याखाली बसून डबा सोडला, भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत. हे काही बोलले नाहीत, पण मला कळलं, माणसाचं मन बसलं.

जमीन तिघा भावांची. माझ्या वहीत आता कागदांचीही यादी होती. सातबारा, आठ-अ, फेरफार, गटाचा नकाशा. सातबाऱ्यावर इतर हक्कात बँकेचा बोजा आहे का, भोगवटादार वर्ग २ तर नाही ना, कारण तशी जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. वहिवाटीचा रस्ता कागदावर आहे की शेजाऱ्याच्या मेहरबानीवर. सरकारी मोजणी केव्हा झाली. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध. शिवाय आपल्या विदर्भासाठी १९५८ चा कूळकायदा आहे, त्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही. ह्यांचा दर्यापूरकडे दोन एकरांचा हिस्सा आहे म्हणून आमचं भागलं. पाच-दहा गुंठ्यांचे तुकडे पाडून ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून विकतात त्यांच्यापासून तर चार हात लांब राहा. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. अलीकडे त्यात सवलती आल्या, पण आपल्या तुकड्याला त्या लागू आहेत का हे तहसील कचेरीत विचारल्याशिवाय पैसा सोडू नका.

तर फेरफार वाचताना वारसांत चौथं नाव दिसलं. बहिणीचं. दलाल म्हणाला, ‘त्याची काळजी नको, हक्कसोड घेऊन देतो. म्हातारी इथेच राहते, सही करील.’

ती मागच्या खोलीत होती. सत्तरीची, विधवा, सासरी कुणी नाही म्हणून भावांच्या वावरात राहणारी. विहिरीचं पाणी शेंदून आंबे तिनंच जगवलेले. मी विचारलं, ‘आजी, जागा विकली तर तुम्ही कुठे जाल?’

‘पाहू ना बाई. भाऊ ठेवतीन कुठं तं.’

‘आणि तुमचा वाटा?’

ती हसली. ‘भावानं म्हटलं सही दे, तं द्या लागते. नाई तं माहेर तुटते ना माय.’

मैत्रिणींनो, मला त्यावर एक शब्द बोलता येईना. कारण वीस वर्षांपूर्वी अशीच एक सही मी केली होती. बाबा गेले, तेराव्यानंतर भावांनी कचेरीत नेलं, कागद पुढे केला. मी वाचलासुद्धा नाही. वहिनीनं साडी नेसवली, संध्याकाळच्या एसटीनं मी परत आले. मला कुणी फसवलं नाही, कुणी जबरदस्ती केली नाही. त्या वेळी ते मला बरोबरच वाटलं. पुढे भावांनी ते वावर विकलं. आज तिथे उंच भिंतीचा बंगला आहे, लोखंडी फाटक आहे. एकदा तिकडून जाताना मी गाडी थांबवायला सांगितली होती. भिंतीवरून बाबांनी लावलेल्या चिंचेचा शेंडा तेवढा दिसला.

वडिलांच्या जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क आहे, हे हिंदू वारसा कायद्यात २००५ च्या दुरुस्तीनं स्पष्ट झालं, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी पक्कं केलं. म्हणजे बहिणीला डावलून घेतलेली जमीन उद्या कोर्टात अडकू शकते. हे झालं व्यवहाराचं. पण त्या दिवशी मी ह्यांना जे सांगितलं ते व्यवहार म्हणून नाही. मी म्हटलं, ‘जागा मला आवडली. पण आजीच्या वाट्याचे पैसे आजीच्या खात्यात पडले पाहिजेत, आणि खरेदीला त्या स्वतः विकणाऱ्या म्हणून बसल्या पाहिजेत. तसं नसेल तर मला त्या आंब्याखाली बसवणार नाही.’

ह्यांनी बराच वेळ विचार केला. पाणी गोड, जमीन चांगली, भाव पटलेला. घरी दोन दिवस अबोला होता म्हटलं तरी चालेल. तिसऱ्या दिवशी ह्यांनी भावांना फोन केला आणि आमची अट सांगितली. थोरला भाऊ म्हणाला, ‘आमच्या घरच्या गोष्टीत तुम्ही पडू नका.’ व्यवहार मोडला. पुढे पावसाळ्यात कळलं, जागा दुसऱ्या कुणी घेतली. आजीचं काय झालं हे मला कळलं नाही. मी अट घातली म्हणून तिला चार पैसे मिळाले की उलट बोलणी बसली, हेही मला ठाऊक नाही. हा सल मनात आहे.

शेवटी काय पाहायचं?

तेव्हा मैत्रिणींनो, बंगल्याचे खांब आणि झुंबर पुरुषमंडळींना पाहू द्या. आपण विहिरीत वाकून पाहावं. पाणी घरी आणून डाळ शिजवावी आणि प्रयोगशाळेतही द्यावं. भिंतीच्या ताज्या रंगाखाली चीर आहे का पाहावं. स्वयंपाकघरात दहा मिनिटं उभं राहावं. रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो ते गाडीनं जाऊन मोजावं. शेजारच्या वावरातल्या बाईशी बोलावं, कारण संकटात तीच धावून येणार. सातबारा स्वतः वाचावा, तो आता घरबसल्या संगणकावरही पाहता येतो. आणि त्यावर बायकांची नावं कुठे होती, कुठे गेली, हे बोट ठेवून विचारावं. नवीन घेतलं तर आपलं नाव त्यावर असावं, हे बयाण्याआधीच ठरवावं, नंतर नाही.

आमचं घर अजून झालेलं नाही. येत्या मे महिन्यात परतवाड्याच्या रस्त्यावर एक जागा पाहायची आहे, दुपारी तीन वाजता. पण मधल्या काळात एक झालं. पतीनं स्वखुशीनं अर्ज केला तर त्याच्या जमिनीवर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, असं शासनाचं १९९२ चं परिपत्रक आहे. लक्ष्मीमुक्ती म्हणतात त्याला. शेतकरी संघटनेनं त्यासाठी गावोगाव मोहीम काढली होती, तेव्हा आम्ही नुसतं ऐकलं होतं. दिवाळीनंतर हे मला न सांगता तलाठ्याकडे जाऊन आले आणि एक दिवस जेवताना नवा सातबारा ताटाशेजारी ठेवला.

दर्यापूरकडचं दोन एकर, खारपाणपट्ट्यातलं. तिथे आंबा येणार नाही, गुलाब येणार नाही. तूर मात्र बरी येते. यंदाची घरची डाळ मी अमरावतीच्या गोड्या पाण्यात शिजवते आहे.